चाळीस पाण्यांचा साबण

पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहराच्या साबणाला सुवास नसतो. वडी अगदी नाकाशी नेली तर तेलाचा कोरडा, मंद वास येतो, तेवढाच. रंग पांढरट, थोडा पिवळ्याकडे झुकलेला. कडा एकसारख्या नसतात, कारण त्या हाताने कापलेल्या असतात. फेस बेताचा, पण दाट. वर अरबी अक्षरांचा ठसा आणि बाहेर पातळ छापील कागद. आपल्या दुकानातल्या चकचकीत वेष्टनांशेजारी ही वडी ठेवली तर गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

मी शारजात एका कंपनीच्या हिशेबखात्यात होते, तेव्हा माझे वरिष्ठ मूळचे नाब्लुसचे होते. अरबांच्या रीतीप्रमाणे लोक त्यांना थोरल्या मुलाच्या नावावरून 'अमक्याचे वडील' अशा अर्थाने हाक मारत. मी 'उस्ताद' म्हणे, आणि ते मला 'या बिन्ती' म्हणत, म्हणजे 'अगं मुली'. सुटीवरून येताना ते अम्मानहून या साबणाच्या वड्या आणत आणि खात्यात सगळ्यांना एकेक देत. गावाचा विषय निघाला की मी काही हळवे ऐकायला मिळेल म्हणून सरसावून बसे. उस्ताद मात्र भाव सांगत. तेल कोणत्या वर्षी महाग झाले, इजिप्तचा व्यापारी किती महिन्यांनी पैसे देई, वड्या गुंडाळणाऱ्याला मजुरी नगावर मिळे की दिवसावर. आधी मला हे रुक्ष वाटे. पुढे याचीच गोडी लागली, आणि तिथून मी त्या मुलखाबद्दल सापडेल ते वाचू लागले.

पॅलेस्टाईन आपल्यापर्यंत येते ते बातमी होऊन, नाहीतर शोकगीत होऊन. दोन्हींत माणसे सकाळी कामाला निघालेली दिसत नाहीत. त्यांचा धंदा, त्यांची उधारी, मालाच्या प्रतीवरून होणारी भांडणे, यांतले काही दिसत नाही. जे गेले त्याचे दुःख खरेच आहे, पण काय गेले हे आधी नीट कळायला नको का?

नाब्लुस दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात वसले आहे. एक गेरिझिम, दुसरा एबाल. भोवतालच्या उतारांवर ऑलिव्हची झाडे. साबण इथे किमान हजार वर्षे होत आला आहे आणि त्याच्या मुळाशी हे तेल आहे. कारखान्याला तिथे मसबना म्हणतात. दगडी, जाड भिंतींची, कमानींची इमारत. तळमजल्याखाली तेल साठवायच्या विहिरी, तळमजल्यावर भट्टी आणि तिच्यावर तांब्याची प्रचंड कढई. वरचा मजला म्हणजे एकच लांबलचक उघडे दालन.

कृती सांगायला सोपी आहे: तेल, पाणी आणि खार. खार यायचा तो झुडपांच्या राखेतून. जॉर्डन नदीच्या काठाला आणि पलीकडच्या मुलखात खारट जमिनीत वाढणारी झुडपे बदू लोक, म्हणजे तिथले भटके अरब, उन्हाळ्यात तोडत, त्यांचे ढीग रचून जाळत, आणि ती राख पोत्यांत भरून उंटांच्या तांड्यांनी नाब्लुसला आणत. (आपल्या पापडातला साजीखारही पूर्वी असाच राखेतून निघत असे. आजीच्या डब्यातल्या त्या करड्या खड्यांचे असे दूरचे भाईबंद असतील हे मला कुणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.) ही राख कुटून तिची बारीक पूड करायची, तिच्यात चुना मिसळायचा आणि मिश्रण दगडी हौदांत भरायचे. कढईच्या तळातून गरम पाणी काढून या हौदांवर ओतायचे. पाणी झिरपत जाताना खार उचलते. ते पुन्हा कढईत, तेलात. पुन्हा काढायचे, पुन्हा हौदावर, पुन्हा कढईत. दर फेरीला पाणी अधिक जहाल होत जाते. अशा सुमारे चाळीस फेऱ्या आणि त्यांना लागणारे आठ दिवस. तेवढा वेळ वल्ह्यासारख्या लांब लाकडी दांड्याने कढई ढवळत राहायची.

घाईने एकदम जहाल खार ओतला तर काय होईल, असे मी उस्तादांना विचारले होते. ते म्हणाले, 'तेल फसतं.' अरबीतून इंग्रजीत आणि माझ्या डोक्यात मराठीत येता येता त्या वाक्याचे काय झाले असेल कोण जाणे, पण मला ते पटले. तेलाला साबण होण्यासाठी वेळ द्यावा लागतो. साबण झाला की नाही हे ठरवणारा एकच माणूस असे, तिथला मुख्य कारागीर. त्याच्या अनुभवावर अख्ख्या घाण्याचे नशीब. मालक कितीही बडा असला तरी त्या क्षणी तो या माणसाच्या तोंडाकडे बघत उभा.

घाणा उतरला की हमाल तो ऊन, पातळ साबण भांड्यांत भरून खांद्यावरून जिन्याने वर नेत. हे या कामातले सगळ्यात धोक्याचे पाऊल. जिना अरुंद, पायाखाली सांडलेला साबण, खांद्यावर भाजणारे ओझे. वर दालनभर तो जमिनीवर ओतून सपाट करत. थिजला की लाल रंगात बुडवलेली दोरी ताणून त्यावर आडव्या-उभ्या रेषा मारत आणि त्या रेषांवरून पाते ओढून वड्या कापत. मग ठसेवाला. लाकडी हातोडीसारखा ठसा घेऊन तो ओळीने प्रत्येक वडीवर एक ठोका देत पुढे सरकतो. जुन्या छायाचित्रांतून तो हात कधी स्पष्ट येत नाही, पुसटसाच दिसतो, इतक्या वेगाने तो चाले. यानंतर वड्यांचे मनोरे. गोलाकार रचत, वर निमुळते नेत, मधे पोकळ ठेवून पार छतापर्यंत. वारा सगळीकडून फिरावा म्हणून ही रचना. तिथे साबण तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वाळत राही.

म्हणजे तेल घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात. इथे माझ्यातली हिशेबनीस जागी होते. इतके भांडवल इतका काळ अडकवून ठेवायची ताकद कुणाची? उत्तर उघड आहे: मोठ्या घराण्यांची. तुकान, नाबुलसी, शकआ, अब्दुल हादी, कनआन, मसरी. एकाच्या साबणावर दोन किल्ल्या, दुसऱ्याच्या साबणावर उंट. शिक्का चित्राचा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही माल ओळखता येई. १९०७ साली नाब्लुसात असे ३० कारखाने होते आणि पॅलेस्टाईनमधला निम्मा साबण त्यांतून निघे. त्याच्या सत्तर वर्षे आधी, १८३० च्या दशकात आलेल्या जॉन बोअरिंग या इंग्रजानेही लिहून ठेवले होते की लेव्हांटमध्ये, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या मुलखात, या साबणाला फार मान आहे. माल दमास्कसला जाई, मक्का-मदिनेच्या हिजाजला जाई, आणि सगळ्यात जास्त इजिप्तला.

तेल मात्र शेतकऱ्याचे. इथे गोष्ट थोडी कडू होते, आणि गोष्टीतला हा भाग टाळणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. ऑलिव्हचे झाड एक वर्ष भरभरून देते आणि पुढच्या वर्षी हात आखडते. त्या आखडत्या वर्षात कर भरायचा असे, मुलीचे लग्न असे, बैल मेलेला असे. मग शेतकरी शहरात येऊन व्यापाऱ्याकडून उचल घेई. अट ही की पुढच्या हंगामाचे तेल त्यालाच घालायचे, आणि तेही आजच ठरलेल्या भावाने. तो भाव बाजारापेक्षा कमीच असणार. इस्लामी कायद्यात व्याज निषिद्ध, पण मालाची आगाऊ खरेदी चालते. त्या वाटेने सावकारी व्यवस्थित आत शिरली. एकोणिसाव्या शतकात कितीतरी गावे अशी पिढीजात नाब्लुसच्या व्यापाऱ्यांची देणेकरी झाली. साबणाच्या मनोऱ्याखाली हे कर्जही थरावर थर चढत होते.

तरीही हंगाम हा हंगामच. पहिला पाऊस पडून झाडांवरची धूळ धुतली गेली की ऑक्टोबरात तोडणी सुरू होई. सगळे घर झाडाखाली. पुरुष काठीने फांद्या झोडपत, पोरे शेंड्यावर चढत, बायका खाली अंथरलेल्या कापडावरचे फळ वेचून पाचोळा निवडत. काठी जास्त जोरात बसली की पुढच्या वर्षीची कोवळी डहाळी मोडते, म्हणून म्हाताऱ्या बायका खालून ओरडत. दगडी घाण्यावर तेल निघे, आणि बियांचा जो चोथा उरे तोही वाया जात नसे. तो साबणाच्या भट्टीत जळण म्हणून जाई आणि घरच्या ताबूनमध्येही. ताबून म्हणजे मातीची बुटकी भट्टी, तळाशी गुळगुळीत गोटे. बाहेरून चोथ्याची आणि शेणाची धग लावायची आणि आत गोट्यांवर रोटी टाकायची. रोटीच्या पाठीवर त्या गोट्यांचे खळगे उमटतात. नव्या तेलात हीच रोटी, वर भरपूर कांदा, आंबट सुमाक आणि कोंबडी: त्याला मुसख्खन म्हणतात. तेल चांगले निघाले की नाही याची परीक्षा यात होते.

थंडी पडली की गावातल्या बायकांचे दुसरे काम निघे: भरतकाम. मुली लहानपणीच सुई धरायच्या आणि स्वतःच्या लग्नाचे झगे भरायला घ्यायच्या. छातीवरचा चौकोन, बाह्या, पाठीचा खालचा भाग, प्रत्येक जागेचे नमुने ठरलेले. आणि ते गावागणिक वेगळे, इतके की बाजारात समोरून येणारी बाई कुठली आहे हे झग्यावरून सांगता येई. नमुन्यांना नावे होती: सुरूचे झाड, पाशाचा तंबू, ताईत. तंबूवाला पाशा कोण होता याची भरणारणींना फिकीर नव्हती. लोक या भरतकामाला अनादी आणि शुद्ध वगैरे म्हणतात तेव्हा मला थोडे हसू येते. १९३० च्या दशकात फ्रान्सहून कापसाचा रंगीत दोरा आला आणि त्याच्यासोबत छापील नमुन्यांच्या पुस्तिका आल्या. बायकांनी त्यांतले गुलाब आणि पक्षी उचलले आणि सुरूच्या शेजारी बसवून टाकले. परके आहे म्हणून कुणी नाकारल्याचे दिसत नाही. रंग पक्का आहे ना, एवढेच पाहिले असणार. २०२१ मध्ये युनेस्कोने या भरतकामाला मानवी वारशाच्या यादीत घेतले, त्यात ते गुलाबही आले.

याच हिवाळ्यात रात्री म्हाताऱ्या बायका गोष्टी सांगत. ऐकायला बायका आणि पोरे. मोठ्या पुरुषांनी त्यात बसणे बरे दिसत नसे. त्यांची बैठक वेगळी, गावच्या पाहुणघरात, कॉफीच्या भांड्याभोवती. गोष्टींत राक्षसीण असे, हुशार धाकटी मुलगी असे, आणि सासू तर हमखास. बायकांच्या या गोष्टींत नवरे बरेचदा बावळट निघतात. पुरुष तिथे का बसत नसत, ते यावरून कळते.

पण शहरातल्या बड्या घरातल्या मुलींना हा मोकळेपणाही नव्हता. दोन किल्ल्यांचा शिक्का असलेल्या तुकान घराण्यात १९१७ साली फदवा तुकान जन्मली. शाळेच्या वाटेवर एका मुलाने तिला मोगऱ्याच्या जातीचे एक फूल दिले. एवढ्यावरून तिची शाळा सुटली आणि ती घराच्या भिंतींआड कोंडली गेली. भाऊ इब्राहीम कवी होता; त्याने घरीच तिला छंद आणि वृत्ते शिकवली. पुढे ती अरबी कवितेतले मोठे नाव झाली. गेल्या पिढ्यांचे गुणगान करताना मला ती आठवते. घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती, ग्रंथ होते, आणि मुलीला दाराबाहेर जायची मुभा नव्हती.

नाब्लुसवर मी फार रेंगाळले. पण प्रत्येक गावाची अशी एक ओळख होती. हेब्रॉनला काच: जुन्या काचा वितळवून फुंकलेली निळी भांडी आणि दृष्ट लागू नये म्हणून घालायचे मणी. बेथलेहेमला शिंपल्यावरचे कोरीवकाम, यात्रेकरूंसाठी. ते विकता विकता तिथली कुटुंबे दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचली. गाझाला काळी मडकी.

किनाऱ्यावरचे मजदल मात्र आणखी थोडी जागा मागते. ते विणकरांचे गाव. माग पुरुष चालवत, सूत बरेचसे इजिप्तहून येई. इथल्या कापडाशिवाय दक्षिणेकडच्या गावांतल्या बायकांचे झगे शिवले जात नसत. निळीत बुडवलेल्या गडद कापडाच्या काठाला हिरव्या आणि लाल पट्ट्या. हिरवी जन्नत आणि लाल जहन्नम, म्हणून कापडाचे नावच 'स्वर्ग आणि आग'. भरणारीने कितीही सुंदर भरले तरी खालचे कापड मजदलचे नसेल तर तिला समाधान नसे. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन होताना झालेल्या युद्धात गावातले बहुतेक लोक गाझात गेले. मागे उरलेल्यांना १९५० मध्ये हलवण्यात आले. विणकरांनी गाझात पुन्हा माग उभे केले, त्यामुळे मजदलचे कापड त्यानंतरही काही दशके मजदलच्या नावानेच विकले जात होते. ते नेसणाऱ्या बायकांची गावे मात्र त्यावेळी निर्वासितांच्या छावण्यांत होती.

आणि जाफा. जाफाच्या संत्र्याचे नाव निदान आपल्याकडे कानावरून तरी गेलेले असते. शमूती जातीचे हे फळ लांबोडके, बिया जवळजवळ नाहीत, आणि साल इतकी जाड की आठवडेच्या आठवडे बोटीत राहिले तरी आतली फोड शाबूत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्याच देशी झाडांतून ही जात निघाली. बागेत विहीर आणि विहिरीवर जनावराने फिरवायचे रहाट. पुढे तिथे इंजिने आली. फळ निवडणारे वेगळे, पातळ कागदात गुंडाळणारे वेगळे, पेट्या ठोकणारे सुतार वेगळे, आणि पेट्या बंदरावर नेणारे उंटवाले वेगळे. बंदराचा तळ उथळ आणि तोंडाशी खडक, म्हणून जहाजे खोल पाण्यात उभी राहत आणि जाफाचे नावाडी मालाने भरलेले पडाव खडकांच्या फटीतून वल्हवत जहाजापर्यंत नेत. खवळलेल्या समुद्रातही ते हे करत, अशी त्यांची ख्याती होती. १९३८-३९ च्या हंगामात पॅलेस्टाईनमधून सुमारे दीड कोटी पेट्या बाहेर गेल्या. बागा तेव्हा अरब आणि ज्यू मालकांत साधारण निम्म्या-निम्म्या होत्या. पुढच्याच वर्षी महायुद्धाने जहाजे थांबवली आणि फळे झाडाखाली सडली. १९४८ मध्ये जाफातले बहुसंख्य अरब समुद्रमार्गे आणि रस्त्याने निघून गेले. त्यांतले काही जण त्याच उथळ बंदरातून, त्याच पडावांतून.

साबणाचे काय झाले, हे मी उस्तादांना विचारले तेव्हा '१९४८' हेच उत्तर येणार असे धरून बसले होते. त्यांनी आधी सांगितला तो इजिप्तचा आयात कर. मग नकली माल. कैरोत नाब्लुसचा शिक्का मारून भलत्याच तेलाचा साबण विकला जाई आणि शिक्क्याला तिथे संरक्षण नव्हते. शिवाय १९२० च्या दशकात हैफाला यंत्राने साबण करणारा शेमेन हा मोठा कारखाना उभा राहिला. त्यात ११ जुलै १९२७ चा भूकंप. नाब्लुसच्या जुन्या शहराची त्यात वाताहत झाली. झुडपांच्या राखेची जागा तर त्याआधीच युरोपातल्या कॉस्टिक सोड्याने घ्यायला सुरुवात केली होती आणि बदूंचे तांडे घटत गेले. इतके सगळे आधीच अंगावर असताना १९४८ आले. किनारा तुटला, बाजार तुटला. १९६७ मध्ये इस्रायलने नाब्लुसही ताब्यात घेतले तेव्हा आणखी तुटले. २००२ च्या इस्रायली लष्करी कारवाईत जुन्या शहरातले साबणाचे काही कारखाने जमीनदोस्त झाले. उस्तादांनी हा क्रम असा सांगितला जसा ते ताळेबंद सांगत: आधी चालू देणी, मग मोठी. मला वाटते, यात एक प्रकारचा स्वाभिमान होता. आपल्या गावाचा धंदा केवळ कुणीतरी बुडवला म्हणून बुडाला, असे त्यांना म्हणवत नव्हते. त्यांच्या लोकांनीही चुकीचे भाव लावले होते, यंत्रे घ्यायला उशीर केला होता, भावाभावांत वाटण्या केल्या होत्या. धंदा करणाऱ्या माणसांकडून होते ते सगळे त्यांच्याकडूनही झाले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने नाब्लुसच्या साबणाची परंपराही आपल्या यादीत घेतली. कारखाने आता मोजकेच आहेत. ठसेवाला अजून हातानेच ठोके देतो आणि मनोरे अजून छताला टेकतात. तेलाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. पॅलेस्टाईनचे ऑलिव्ह तेल आता खाण्यासाठीच इतके महाग विकले जाते की साबणात ते घालणे परवडत नाही. तुकानांच्या जुन्या कारखान्यानेही तेल इटलीहून मागवलेले आहे. मी उस्तादांना म्हटले, मग हा नाब्लुसचा साबण कसा? ते रागावले नाहीत. शेतकऱ्याला पूर्वी उचल घेऊन स्वस्तात तेल घालावे लागायचे, आता त्याला भाव मिळतो, यात वाईट काय आहे, असे त्यांनी मलाच विचारले, आणि महिनाअखेरीची बिले पुढ्यात ओढली.